पहिलं झाड कुणी छाटायचं

आमच्या सायखेड्याकडे द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते, आणि दोन्ही वेळा पहिलं झाड मालकानं छाटायचं असा रिवाज आहे. कात्रीला हळदकुंकू लावायचं, बांधावर नारळ फोडायचा आणि मग मालकानं पहिल्या ओळीतलं पहिलं झाड स्वतःच्या हातानं कापून दाखवायचं. ते झाड म्हणजे नमुना. टोळीतले पंधरा-वीस जण गोळा होऊन बघतात, काडीवर किती डोळे राखले ते मनात मोजतात आणि आपापल्या ओळीला लागतात. डोळा म्हणजे काडीवरचा तो बारीक फुगवटा, जिथून पुढे फूट निघते. एप्रिलमध्ये काडी पार बुडापाशी कापायची आणि एकच डोळा राखायचा, म्हणजे झाड नव्या काड्या धरतं. ऑक्टोबरात त्या नव्या काडीवर सात डोळे राखायचे, कारण घड देणारे डोळे वरच्या अंगाला असतात. ऑक्टोबरात एकच राखलात तर बाग हिरवीगार होईल, पानांनी भरून जाईल आणि द्राक्षाचा एक मणीसुद्धा देणार नाही. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, छाटणीतले मास्तर होते. गावात बाग नवीन नवीन लागायला लागली तेव्हापासून त्यांच्या हातात कात्री. लोक त्यांना आपल्या बागेत पहिलं झाड छाटायला बोलावून न्यायचे. तात्या झाडाभोवती एक चक्कर मारायचे, पुटपुटायचे आणि मग कात्री अशी चालायची की बघणाऱ्याला मोजायलाही वेळ मिळू नये. मी थोरली मुलगी. लग्न होऊन नाशकात आले, द्वारका चौकाच्या मागे आमचं घर होतं, नवरा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आणि मी शाळेत विज्ञानाची बाई. माझा आवाज चार वर्गांत ऐकू जातो अशी माझी ख्याती होती. धाकटा भाऊ नोकरीनं पुण्याला. त्यामुळे रविवारी द्वारकेवरून जीप पकडून सायखेड्याला जायचं आणि आईतात्यांचं काय हवं-नको ते बघायचं, हे काम माझ्याकडे आपोआप आलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. घट बसायच्या आधीचा रविवार होता. मी साफसफाईचा सपाटा लावला. घर झाडलं, गोधड्या नदीवर नेऊन धुतल्या आणि उरलेल्या चुन्यात बागेतली पाण्याच्या मोटारीची खोलीही पांढरी करून टाकली. वर्षानुवर्षं तिथं ग्रीसचे हात पुसलेले, कोळशानं रेघोट्या ओढलेल्या, जळमटं लोंबलेली. संध्याकाळी तात्यांनी ते पाहिलं आणि असे भडकले की मी हबकलेच. "कोणी सांगितलं व्हतं तुला? माझ्या खोलीला हात लावायचं काय कारण?" मी दिवसभर राबून पाठ मोडून घेतलेली, मीही गप्प बसणारी नव्हे. म्हटलं, "चुना लावलाय, विष नाही लावलं." दोघंही फुरंगटून बसलो. आईनं मध्ये पडून पिठलं-भाकरी वाढली तेव्हा कुठे जेवलो.

पुढच्या रविवारी छाटणी. टोळी पेठ तालुक्याच्या बाजूची, दरवर्षी येणारी, आणि तिची मुकादम एक कोरड्या बोलण्याची बाई. पूजेचं ताट तयार होतं, सगळे उभे होते, आणि तात्या मोटारीच्या खोलीत जाऊन बसले. बराच वेळ बाहेर येईनात. आई म्हणाली, कात्रीला तेल देत असतील. मी घरी टोळीच्या भाकऱ्या आणि चहा करायला गेले. दुपारी किटली घेऊन परतले तेव्हा बागेत कात्र्यांचा कडकड आवाज चालला होता आणि तात्या बांधावर बसून समोर बघत होते.

मी पहिल्या ओळीपाशी आले आणि किटली खाली ठेवली. काड्या बुडापासून कापलेल्या होत्या. प्रत्येकीवर एक डोळा. दुसऱ्या ओळीत एक, तिसऱ्या ओळीत एक. जवळजवळ एकरभर बाग एप्रिलसारखी बोडकी करून ठेवलेली.

मी थांबवा थांबवा म्हणून ओरडले. कात्र्या थांबल्या. मुकादम बाई पुढे आली. "बाबानी दाखवला तसाच कापला, बाई," ती म्हणाली. "मलापन वाटला, यो तं एप्रिलचा कापतंय. पन मालकाला कसा सांगाचा?" तिच्या मागे उभ्या असलेल्या अठरा जणांना तेच वाटलं होतं. अठरा माणसांना दिसत होतं आणि अठरा माणसांनी मान खाली घालून कापलं, कारण पहिलं झाड मालकाचं.

मी तात्यांकडे गेले. "तात्या, एक डोळा? ऑक्टोबरात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बागेकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मग ताठ होऊन म्हणाले, "मला शिकवती का गं तू? प्रयोग हाय तो. बागेला यंदा इसावा द्यायचाय."

झालं. प्रयोग. आईनं लगेच मान डोलावली. मीही ते उचलून धरलं, कारण टोळीसमोर बापाची शोभा करायची हिंमत मला झाली नाही. बाकीची बाग मी उभी राहून सात डोळ्यांवर छाटून घेतली. गावात बातमी पसरली की तात्यांनी एकरभर बाग विश्रांतीला सोडली आहे. शेजारचे एक बागायतदार तर वही घेऊन विचारायला आले की किती वर्षांनी विसावा द्यावा. तात्यांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, लय जुनी बाग असंल तरच. मला हसावं की रडावं कळेना.

त्यानंतर वर्षभरात एकेक गोष्ट दिसायला लागली. म्हणजे ती आधीही होती, आम्ही बघत नव्हतो. तात्या निफाडच्या बाजारात गेले आणि परत यायची एसटी कोणती ते विसरून स्टँडवर बसून राहिले. चहात मीठ घातलं आणि तसाच प्यायले. माझ्या मुलीला, ती तेव्हा दहा वर्षांची, माझ्या नावानं हाक मारायला लागले. आई सगळं झाकून घ्यायची. ते अडखळले की शब्द पुरवायची, ते चुकले की "त्यांना तसं म्हणायचं नव्हतं" म्हणायची. आणि शेवटी आमच्याकडचा तो सगळं मिटवून टाकणारा शब्द: म्हातारचळ. तो एकदा उच्चारला की पुढे काही विचारायचं नसतं.

पण मला विचारायचं होतं, कारण हे मी आधी पाहिलं होतं. नांदगावला दिलेली माझी आत्या, तात्यांची थोरली बहीण. तिच्या शेवटच्या वर्षांत मी भेटायला गेले होते तेव्हा ती एकच लुगडं घडी करत होती, मोडत होती, पुन्हा घडी करत होती. मला म्हणाली, "तू कोणाची गं?" आणि त्याच्या आधी माझे आजोबा. मी परकर-पोलक्यातली होते. आजोबा रोज नदीवर जाऊन बैल शोधायचे. ते बैल कधीच विकलेले होते. आम्ही पोरं त्यांच्या मागे जायचो आणि हसायचो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

त्या वर्षी दहावीला आनुवंशिकता शिकवत होते. फळ्यावर वाटाण्याची चौकट काढली. उंच झाड, बुटकं झाड, चार घरं, कुणाला काय मिळणार ते मुलांनी भरायचं. वर्ग घरं भरत होता आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. माझ्या डोक्यात त्या घरांमध्ये आजोबा होते, तात्या आणि आत्या होते, मी आणि माझा भाऊ होतो. मी सरळ हिशोब मांडून मोकळी झाले: अर्धं-अर्धं. दोघांपैकी एकाला. आणि भाऊ इतका धांदरट असूनही त्याला फोन नंबर पाठ असतात, मला नसतात, तेव्हा ते मलाच. विज्ञानाच्या बाईनं केलेली ही चूक. पुढचे कितीतरी महिने एखादा शब्द आठवला नाही की मला घाम फुटायचा.

मग मी ठरवलं की असं घाबरत बसायचं नाही. आईचा विरोध मोडून तात्यांना नाशकात मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयानं माझ्याएवढेच, शांत. त्यांनी तात्यांना वार विचारला, महिना विचारला, तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. मग कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. तात्यांनी गोल छान काढला. बाराचे बारा आकडे मात्र उजव्या अर्ध्यातच कोंबले. कागदाकडे बघून त्यांना काहीतरी खटकलं असावं. म्हणाले, "घड्याळ जुनं हाय, डॉक्टरसाहेब." मी खिडकीबाहेर बघत बसले, नाहीतर तिथंच रडले असते.

तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो झाले. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मला एकटीला बसवून आजाराचं नाव सांगितलं: अल्झायमर. म्हातारचळ नाही. वयाबरोबर येणारा साधा विसराळूपणा नाही. आजार. मला वाईट वाटण्याआधी क्षणभर बरंच वाटलं, की अखेर याला कुणीतरी नाव दिलं. मग मी माझी वाटाण्याची चौकट त्यांच्या टेबलावर मांडली. आजोबा, आत्या, तात्या, आणि आता मी.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बाई, वाटाण्याचं इथं लागू होत नाही. काही मोजकी घरं असतात, तिथं एकाच जनुकात दोष असतो आणि चाळिशी-पन्नाशीतच आजार सुरू होतो. तिथं तुमची चौकट चालते. तुमच्या घरात तो पासष्टीनंतर दिसलाय. ही गोष्ट वेगळी आहे."

मग त्यांनी समजावलं. एक जनुक असतं, त्याचे तीन प्रकार. प्रत्येकाला एक प्रत आईकडून मिळते, एक वडलांकडून. तीनपैकी एक प्रकार असा आहे की तो वाट्याला आला तर या आजाराचा धोका वाढतो, दोन्हीकडून आला तर जास्त वाढतो. "पण धोका वाढतो एवढंच," ते म्हणाले. "तो असूनही नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिलेली माणसं आहेत. तो नसूनही आजार झालेली आहेत. आणि हे एकच जनुक आहे असंही नाही, आणखी असणार, आम्हाला अजून सगळी माहीत नाहीत. त्यात रक्तदाब आहे, साखर आहे, माणूस कसा जगतो ते आहे."

"माझं रक्त घ्या," मी म्हटलं. "एकदाचं कळू दे."

"पाठवता येईल मुंबईला. पण मी आपणहोऊन सांगणार नाही. तुम्हाला आज काही झालेलं नाही. आधी घरी जाऊन एक काम करा. 'आहे' असं उत्तर आलं तर उद्यापासून काय कराल ते लिहा. 'नाही' आलं तर काय कराल तेही लिहा. मग या."

त्या रात्री भावाला पुण्याला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग पहिलं वाक्य काय, तर "हे गावात बोलू नकोस हं ताई. घराण्यात असं आहे कळलं तर उद्या मुलांची लग्नं जमायची नाहीत." त्याची मुलं तेव्हा एक तिसरीत आणि एक बालवाडीत. मी म्हटलं, "बालवाडीतल्याला स्थळं यायला लागलीत का?" आणि फोन ठेवला. पण खरं सांगायचं तर त्याचं बोलणं माझ्या मनात घर करून बसलं. मलाही मुलगी होती.

डॉक्टरांनी सांगितलेलं काम मात्र मी केलं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा एक कोरा कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे 'आहे', उजवीकडे 'नाही'. डावीकडे लिहिलं: रोज तासभर चालायचं. रक्तदाब आणि साखर दर तीन महिन्यांनी बघायची. तात्यांचं सगळं शेवटपर्यंत नीट करायचं. बाग विकू द्यायची नाही. छाटणी स्वतः पक्की शिकायची. घरातल्या महत्त्वाच्या गोष्टी लिहून ठेवायच्या. मुलीला सांगायचं. मग उजवीकडे आले. चालायचं तर होतंच, रक्तदाब बघायचाच होता, तात्या होतेच, बाग होतीच. एकेक ओळ उतरवत गेले आणि शेवटी एकच ओळ वेगळी निघाली. उजवीकडे मी लिहिलं होतं: मुलीला सांगायची गरज नाही.

मी त्या ओळीकडे कितीतरी वेळ पाहिलं. डॉक्टरांनीच तर सांगितलं होतं की 'नाही' आलं म्हणजे सुटलो असं नसतं. म्हणजे तीही ओळ चुकीची. दोन्हीकडे सांगायचंच होतं. मग रक्त मुंबईला पाठवून मिळणार काय? कागदाची घडी घालून कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे चालायला लागले. ते चालणं मी पुढे एकही दिवस चुकवलं नाही, ताप असला तरी गल्लीला दोन फेऱ्या मारायचे.

बागही सोडली नाही. पुढच्या एप्रिलला पहिलं झाड मी छाटलं. सासरी गेलेल्या मुलीनं माहेरच्या बागेत पहिली कात्री चालवायची म्हणजे गावात कुजबुज व्हायचीच, झाली. मी शाळेतला आवाज लावून टोळीला सांगितलं, "एक डोळा! बघून घ्या, एक!" मुकादम बाई हसली. तात्या खाटेवर बसून होते. ऑक्टोबरातही तसंच, "सात!" म्हणून ओरडले. सुरुवातीला माझा हात जड होता, काड्या चिरायच्या, टोळीतल्या पोरी तोंडाला पदर लावायच्या. तीन-चार वर्षांत हात बसला. शाळा सुटली की रोज जीपनं सायखेडं गाठायचं; शाळा, घर, तात्या, बाग असं करता करता मी खंगले, पण सोडलं काहीच नाही. तात्या हळूहळू आटत गेले. आधी माणसांची नावं गेली, मग माणसं गेली, मग घास गिळणं गेलं. आठ वर्षं. आईनं आणि मी त्यांना एक दिवसही अंथरुणात ओलं राहू दिलं नाही. हे मी अभिमानानं सांगते.

कागदावरचं सगळं केलं, एक सोडून. मुलीला सांगितलं नाही. आधी ती लहान होती. मग तिची दहावी होती. मग बारावी. मग ती फार्मसीला गेली आणि परीक्षा कधी संपतच नव्हत्या. आजोबांना काय झालंय ते तिला माहीत होतं. पण त्यांच्या आधी आत्याला आणि पणजोबांना तेच झालं होतं, आणि पुढे काय होऊ शकतं, ते मी तिच्यापुढे कधी काढलं नाही. दुसऱ्यांच्या मुलांना दरवर्षी चौकट शिकवणारी मी, स्वतःच्या मुलीपुढे खडू हातात घ्यायला घाबरत होते. भावाला टोमणे मारायचे आणि आपण तेच करायचं.

तात्या गेले. त्यानंतरच्या ऑक्टोबरात, घट बसायच्या आधी, मोटारीच्या खोलीत नवा स्टार्टर बसवायचा होता. दारामागच्या भिंतीला ओल आली होती आणि चुन्याचे पोपडे सुटले होते. मिस्त्री यायच्या आधी खरवडून ठेवावं म्हणून मी हातात पत्र्याचा तुकडा घेतला. पहिलाच पापुद्रा मोठा निघाला आणि खाली कोळशाचं अक्षर दिसलं. तात्यांचं अक्षर. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं, प्रत्येक काना काठीसारखा उभा.

मी हळूहळू सगळं मोकळं केलं. लिहिलं होतं:

एप्रिल १ डोळा.
आक्टोबर ७ डोळे.

त्याखाली, किल्ली खुंटीला. त्याखाली माझ्या मुलीचं नाव आणि पुढे 'नात'. माझं नाव, पुढे 'थोरली'. प्रत्येक अक्षर पुन्हा पुन्हा गिरवलेलं होतं, इतकं की कोळसा भिंतीत रुतला होता. एका दिवसाचं ते काम नव्हतं. वर्ष, दोन वर्षं, किंवा त्याहून जास्त. आणि सगळ्यात खाली: कोनाला सांगायचं नाय.

मी दाराला टेकून खाली बसले. मला ते चुना लावतानाचं आठवलं. दारामागे काहीतरी लिहिलेलं आहे हे मला दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. मोटारीचे तास मांडून ठेवले असतील, म्हणून मी ब्रश फिरवला होता, एकदा नाही, दोन हात दिले होते. आणि आठ दिवसांनी पूजेचं ताट बाहेर खोळंबलेलं असताना तात्या या दारामागे उभे होते, पांढऱ्या भिंतीसमोर. एक की सात? बाहेर अठरा माणसं, बायको, मुलगी. यांपैकी कुणालाही नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं. आणि त्यांना ते विचारता आलं नाही.

मी रडले. मोठ्यानं रडले, बागेत कुणी नव्हतं. आधी स्वतःवर चिडले, मग तात्यांवर चिडले. मला का नाही सांगितलंत? मी तुमची थोरली, तुम्हीच लिहून ठेवलंय ना? सगळ्या गावाच्या बागा छाटणारा माणूस भिंतीशी बोलत राहिला, पण घरात बोलला नाही. आणि मग रडता रडताच माझ्या लक्षात आलं की माझ्याही कपाटात एक घडी घातलेला कागद आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी मुलीला फोन करून सायखेड्याला बोलावलं. दुसऱ्या दिवशी ती कॉलेज बुडवून आली. तिला मोटारीच्या खोलीत नेलं, भिंत दाखवली. स्वतःचं नाव वाचून तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग मी तिला सगळं सांगितलं. नदीवर बैल शोधणारे पणजोबा, लुगडं घडी करणारी आत्या, जनुकाचे तीन प्रकार, धोका म्हणजे काय आणि काय नाही. तो कागदही दाखवला.

तिनं कागद उलटसुलट केला, वरची तारीख वाचली. "हे दहा वर्षांपूर्वीचं आहे, आई."

"हो. घाबरले होते."

"इतके दिवस मला वाटायचं, तू एखादा शब्द विसरलीस की इतकी का चिडतेस." तिच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता. मग म्हणाली, "मला टेस्ट करायची असली तर?"

"तुझं रक्त आहे, तू ठरव. पण आधी दोन रकाने काढ."

"आणि तू चुकायला लागलीस तर ते कुणी ठरवायचं?"

हा प्रश्न मी त्या कागदावर लिहिलाच नव्हता. मी कमरेची कात्री काढून तिच्यापुढे धरली. म्हटलं, "तू. उद्यापासून शिकायचं. मी पहिलं झाड छाटेन तेव्हा तू शेजारी उभी राहून मोठ्यानं मोजायचं. ज्या दिवशी आकडा चुकेल त्या दिवशी कात्री माझ्या हातातून काढून घ्यायची. मी भांडेन. मी प्रयोग आहे म्हणेन. तरी घ्यायची."

"लिहून दे," ती म्हणाली. माझीच मुलगी.

लिहून दिलं. पण घरातल्या कागदावर नाही. मिस्त्रीकडून दारामागची ती तेवढी जागा सोडून बाकीच्या खोलीला गिलावा करून घेतला. मग द्वारकेवरून निळ्या तैलरंगाचा डबा आणला आणि मोटारीच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, सायखेड्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत, तात्यांच्या पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा लिहिल्या आणि त्याखाली आणखी एक ओळ. भावाला कुणीतरी कळवलं असावं. त्याचा फोन आला, "ताई, हे काय चालवलंयस? सगळ्या गावाला दाखवतेस?" मी म्हटलं, "हो, सगळ्या गावाला. आणि तूही साखर तपासून घे."

आठ दिवसांनी छाटणी झाली. नारळ फुटला. मुकादम बाई आता म्हातारी झाली होती, तरी आली होती. मी तिला आणि टोळीला भिंतीसमोर उभं केलं आणि आमच्या घरातला आजार त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगितला. कुणी हसलं नाही. मग मी पहिल्या झाडाला कात्री लावली आणि माझी मुलगी मोठ्यानं मोजू लागली. तिसऱ्या काडीला टोळीही तिच्याबरोबर मोजायला लागली. एक, दोन, तीन, अशी सगळी बाग मोजत होती. सात झाले.

मुकादम बाईला वाचता येत नव्हतं. तिनं भिंतीवरच्या शेवटच्या ओळीकडे बोट करून मला विचारलं, "ह्या खाली काय लिवलाय, बाई?"

आतल्या भिंतीवर त्या जागी तात्यांची शेवटची ओळ होती, 'कोनाला सांगायचं नाय', ती. बाहेर लिहिताना तेवढी एकच मी बदलली होती. मी तिला वाचून दाखवलं: "मी चुकले तर मोठ्यानं सांगा."